गळतंय, पण नियमात

जमिनीखालच्या पेट्रोलच्या टाकीइतकी सुशील वस्तू दुसरी नाही. ती आवाज करत नाही, धूर सोडत नाही, रस्ता अडवत नाही. गळते तीसुद्धा खाली मान घालून. आगीचं भय नको म्हणून अमेरिकेत पोलादाच्या अशा असंख्य टाक्या पुरल्या गेल्या. विचार शहाणपणाचाच होता. ओल्या मातीत पोलाद गंजतं, एवढी क्षुल्लक बाब तेवढी त्यात बसली नाही.

1984 साली तिथल्या संसदेने या टाक्यांसाठी कायद्यात तरतूद केली. नियम निघाले 1988 साली. जुन्या टाक्या सुधारायला किंवा काढून टाकायला 1998 च्या डिसेंबरपर्यंत मुदत मिळाली. गंजाने मात्र मुदतवाढीचं परिपत्रक वाचलं नव्हतं. आजवर तिथे साडेपाच लाखांहून अधिक गळत्यांची सरकारदरबारी नोंद झाली आहे.

गळती ओळखायची कशी, याची एक सोपी रीत 1988 च्या त्या नियमांतच होती. रोज काठी बुडवून टाकीत किती माल आहे ते पाहायचं आणि आलेल्या-विकलेल्या मालाशी ताळा घालायचा. महिनाअखेरीची तफावत विक्रीच्या 1 टक्का अधिक 130 गॅलन एवढ्याच्या आत असली की संशय घ्यायचा नाही. महिन्याला 1 लाख गॅलन विकणाऱ्या पंपाला म्हणजे 1,130 गॅलन, सुमारे 4,280 लिटर इंधन हिशेबात हरवायची मुभा. वाफ, तापमान, मोजणीतली चूक हे सगळं त्यात धरलेलं होतं, हे मान्य. जोडीला टाकीच्या घट्टपणाची चाचणीही करावी लागे. तरीही एखादी मध्यमवर्गीय गळती त्या आकड्यात वर्षानुवर्षं अब्रूने नांदू शकत असे. आमच्या वाण्याच्या दुकानात महिन्याला चार हजार लिटर गोडेतेल ‘असंच’ गेलं असतं, तर नोकराने चौकशी समितीची वाट पाहिली नसती, रातोरात गाव सोडलं असतं.

आता दुसरं माप पाहा. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात बेंझिनची मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम आहे, कारण या पदार्थाने रक्ताचा कर्करोग होतो. पेट्रोलमध्ये बेंझिन 1 टक्का धरलं, तर एका लिटर पेट्रोलमधलं बेंझिन सुमारे 17 लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरतं. पिणाऱ्यासाठी मायक्रोग्रॅम, विकणाऱ्यासाठी गॅलन. दोन्हीकडची मोजणी चोख आहे. फक्त ही दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत.

ती बोलू लागली की गळतीचं मूल्यमापन सुरू होतं. पंपाच्या आवारात निरीक्षण-विहिरी खोदल्या जातात. पाण्यावर पेट्रोलचा थर तरंगतोय का, किती जाड आहे, हे पाहतात. मातीचे आणि पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात. बेंझिन, टोल्युइन, इथिलबेंझिन आणि झायलिन या चौकडीचा शोध लागतो आणि नकाशावर रंगीत डाग काढला जातो. मग येतो धोक्याचा हिशेब. तो पाण्यात काय आहे एवढ्यावर ठरत नाही, ते पाणी कोण पितंय यावरही ठरतो. पिणाऱ्याची विहीर लांब असेल, तर धोका कमी. थोडक्यात, शेजाऱ्याने बिऱ्हाड हलवलं तरी भूजल थोडंफार स्वच्छ झाल्यासारखंच.

या विचाराला 1995 साली मोठं बळ मिळालं. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने राज्यातल्या जुन्या गळत्यांचा अभ्यास करून सांगितलं, की बेंझिनचा डाग सहसा फार लांब पसरत नाही, जमिनीतले जीवाणू त्याला खाऊन टाकतात. बेंझिनपुरतं हे खरंही होतं. त्याच वर्षी डिसेंबरात राज्याच्या पाणी मंडळाने कमी धोक्याच्या जागी उपसा करून सफाई करण्याचा खर्च टाळायचा सल्ला दिला. जीवाणू पगार मागत नाहीत, बिलं लावत नाहीत. असा कंत्राटदार कुठल्या सरकारला नको असेल?

अडचण एवढीच झाली, की पेट्रोलमध्ये नवा पाहुणा आला होता आणि त्याला जीवाणू सहजासहजी तोंड लावत नव्हते. त्याचं नाव एमटीबीई, ऑक्सिजन असलेलं एक रसायन. शिशाच्या जागी 1979 पासून तो पेट्रोलमध्ये पडू लागला. 1990 च्या कायद्याने हवा स्वच्छ करायला प्रदूषित भागांत ऑक्सिजनयुक्त पेट्रोल सक्तीचं केलं, तेव्हा त्याचं प्रमाण काही पेट्रोलात 15 टक्क्यांपर्यंत गेलं. हा पाहुणा मातीला चिकटत नाही, पाण्यात सहज विरघळतो आणि पाण्याच्याच वेगाने पुढे जातो. पाण्याला टर्पेंटाइनसारखा वास मात्र आणतो, म्हणजे निदान चोरून येत नाही.

1996 साली एमटीबीईमुळे सांता मोनिका या कॅलिफोर्नियातल्या समुद्रकाठच्या शहराला आपल्या चारनॉक आणि आर्केडिया इथल्या विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराचं जवळजवळ निम्मं पिण्याचं पाणी गेलं आणि बाहेरून विकतचं आणावं लागलं. चारनॉकच्या विहिरी पुन्हा पुरवठ्यात यायला 2010 साल संपत आलं. तोवर मूल्यमापन झालं, खटले झाले, तेल कंपन्यांनी समझोत्यात पैसे मोजले. हवा स्वच्छ झाली, वकीलही सुखात राहिले.

सर्वांत मौज पुढे आहे. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी 1999 साली एमटीबीई बंद करायचा आदेश काढला. तेव्हा दुखावलं कोण? मेथॅनेक्स ही कॅनडातली कंपनी. तिचं मेथॅनॉल एमटीबीईत लागत असे. तिने मुक्त व्यापार करारावर बोट ठेवून अमेरिकेकडे सुमारे 97 कोटी डॉलर भरपाई मागितली. म्हणजे विहिरी नासल्या शहराच्या आणि नुकसान झालं कारखान्याचं. 2005 साली लवादाने दावा फेटाळला आणि अमेरिकेचा खर्चही कंपनीलाच भरायला लावला. एवढा एक निकाल वाचताना हसू आवरतं.

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 च्या जानेवारीत नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, रुग्णालयं आणि वस्तीपासून 50 मीटर अंतर ठेवा, आणि जागेअभावी ते जमलं नाही तरी 30 मीटरच्या आत येऊ नका, असं त्यांत आहे. चांगलं आहे. फक्त हे अंतर जमिनीवर टेप धरून मोजलं जातं आणि पाणी जमिनीखालून येतं.

पंपावर गेलं की पोरगा म्हणतो, “साहेब, झिरो बघा.” आपण डोळे ताणून झिरो बघतो. गाडीत थेंब कमी पडला, तर तिथे भांडणही करतो. टाकीतला थेंब कुठे गेला, हे विचारायला मात्र कुणाची गाडी तिथे थांबत नाही.

तेव्हा पंपाशेजारी बोअर असेल, तर वाचकहो, एक लक्षात ठेवा. आरओ विकणारा घरी येऊन जो टीडीएस मीटर बुडवतो, त्याला बेंझिन दिसत नाही. तो फक्त विरघळलेले क्षार पाहतो. नेहमीच्या पाणी तपासणीतही ते सहसा नसतं. पाण्याला पेट्रोलचा वास आला, तर ते पिणं आधी बंद करा, प्रदूषण मंडळाला लेखी कळवा आणि प्रयोगशाळेत त्या चौकडीची नावं घेऊन तपासणी मागा. न मागता ती कुणी करणार नाही.