न सापडणाऱ्या रेकॉर्डचा अभावविचार

प्रोग्रॅममधून इन्सर्ट मारला, एरर आला नाही, आणि टेबल उघडून पाहावे तर रेकॉर्ड नाही! या सनातन प्रश्नाची संगणकशास्त्राने पुरेशी बूज राखलेली नाही. जिम ग्रे यांनी १९८१ मध्ये ट्रान्झॅक्शनचे गुण आणि मर्यादा सांगितल्या, १९८३ मध्ये हेर्डर व रॉयटर यांनी त्या गुणांचे ‘ॲसिड’ असे बारसे केले. पण रेकॉर्ड ‘नाही’ म्हणजे कोणत्या प्रकारे नाही, हे पाहायला सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’च उघडावा लागतो. तिथे अभावाचे चार प्रकार आहेत.

पहिला प्रागभाव, म्हणजे वस्तू जन्मण्यापूर्वीचा. पायथनमधून पोस्टग्रेसशी बोलणारे सायकोपीजी२ पहिल्याच क्वेरीला न विचारता ट्रान्झॅक्शन उघडते. त्याच कनेक्शनवर सिलेक्ट केले तर रेकॉर्ड हजर. शेजारी उघडलेल्या पीजीॲडमिनमध्ये ठणठणाट. कमिट व्हायचा राहिला आहे. यावर पूर्वपक्ष असा की, जावात असे होत नाही. खरे आहे, जेडीबीसीत ऑटोकमिट मुळातच चालू असतो. म्हणून तर जावातून पायथनात आलेला पंडित सर्वांत आधी डेटाबेसवर संशय घेतो.

कमिट न करता कनेक्शन बंद केले की रोलबॅक होतो आणि प्रध्वंसाभाव सुरू होतो. शास्त्र सांगते, प्रागभावाला अंत असतो, याला नसतो. मागे खूण मात्र राहते: पोस्टग्रेसचा सिक्वेन्स दिलेला आकडा परत घेत नाही, म्हणून ४१ नंतर थेट ४३ दिसतो. यावरून ‘४२ येऊन गेला’ असे अनुमान करण्याचा मोह होतो. पण हा हेतू सव्यभिचार आहे, म्हणजे निष्कर्ष खोटा असतानाही तो हजर असतो. ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’मध्ये रेकॉर्ड टाळला गेला तरी आकडा खर्च होतोच.

अत्यंताभावावर, म्हणजे तिन्ही काळी नसण्यावर, फार शाई नको. एक्सेप्ट लिहून पुढे पास लिहिणाऱ्याने एरर गिळलेला असतो, आणि ‘एरर आला नाही’ ही साक्षही बहुधा तोच देत असतो.

खरी मौज अन्योन्याभावात आहे: घट हा पट नव्हे, आणि ही फाइल ती फाइल नव्हे. व्हिज्युअल स्टुडिओत प्रोजेक्टमध्ये एमडीएफ फाइल ठेवून तिला ‘कॉपी ऑलवेज’ लावले, की प्रत्येक बिल्डला तिची ताजी प्रत बिन-डीबगच्या फोल्डरात पडते. प्रोग्रॅम त्या प्रतीत इमानाने लिहितो. आपण सर्व्हर एक्सप्लोररमध्ये मूळ फाइल उघडून त्याला शिव्या घालतो. पुढचा बिल्ड कोरी प्रत टाकून पुरावाही पुसतो. एसक्यूलाइट याहून मनमिळाऊ: सापेक्ष पाथवर फाइल नसली, तर चालू फोल्डरात नवी कोरी फाइल तयार.

इथे प्रत्यक्ष प्रमाण उपलब्ध आहे. एसक्यूलाइटला ‘प्रॅग्मा डेटाबेस_लिस्ट’ विचारले की ते उघडलेल्या फाइलचा पूर्ण पत्ता देते. मात्र ते प्रोग्रॅममधूनच विचारावे. टूलमधून विचारले तर टूल स्वतःच्याच फाइलचा पत्ता सांगते, आणि तो बरोबर दिसतो.