धक्काप्रमुख

हिवाळ्यातल्या सकाळी सोसायटीच्या फाटकात एखाद्या जुन्या गाडीच्या बॅटरीने मान टाकली, की दोन मिनिटांत धक्काप्रमुख काका हजर. डोक्यात माकडटोपी, एका हातात दुधाची पिशवी. वॉचमन, पेपरवाला आणि इस्त्रीवाल्याचा पोरगा यांना हाका मारून गोळा करतात आणि तास सुरू करतात.

"नववीचं पुस्तक आठवा. बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण! न्यूटनने लिहून ठेवलंय."

न्यूटनने १६८७ साली लिहिलं ते वेगळ्या शब्दांत. आजच्या सुटसुटीत सूत्राचं श्रेय पुढे ऑयलरकडे जातं. पण काकांना हे सांगणार कोण?

"हं, लावा जोर!" काकांचा मोकळा हातही डिकीवर असतो. म्हणजे टेकलेला असतो. नंतर धूळ पाहिली तर तिघांचे अख्खे पंजे उमटलेले दिसतात. काकांची चार बोटं, पेटी वाजवायला ठेवावीत तशी. कण्हण्यात मात्र त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर.

गाडी ढिम्म. "वस्तुमान फार आहे," काकांचं निदान.

"काका, हँडब्रेक ओढलाय," वॉचमन.

सूत्रातलं बल हे सगळी वजाबाकी करून उरलेलं बल. ब्रेकने तेवढाच विरोध केला तर बाकी शून्य, त्वरण शून्य. हा भाग शिकवला तेव्हा काका बहुधा वर्गाबाहेर उभे असावेत.

ब्रेक सुटतो. समजा गाडी ८०० किलोची, तिघे मिळून ६०० न्यूटन लावताहेत आणि घर्षण १२० खातंय. उरले ४८०, त्याला ८०० ने भागलं की त्वरण ०.६. दर सेकंदाला वेग सेकंदाला ०.६ मीटरने वाढणार. पाचेक सेकंदांत ताशी दहा किलोमीटर, मग दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. पहिल्यात सोडला तर गाडी नुसता आचका देते. या हिशेबात चौथ्या माणसाची गरज कुठेच लागत नाही.

पण नेमके तेव्हाच काका दार उघडून आत बसतात. "बाळा, क्लच कधी सोडायचा ते मी सांगतो." म्हणजे बलाच्या रकान्यात नाव लिहून घेतलेला गडी वस्तुमानात जमा, तोही दुधासकट ऐंशी किलो. मागचे तिघे दात-ओठ खात आणखी थोडं पळतात आणि गाडी खोकून सुरू होते.

आता थांबवली तर पुन्हा बंद पडेल, या धास्तीने गाडी चालवणारा पोरगा थेट चौकापर्यंत जातो. तिथून काका घरच्या चपलांत चालत येतात. एव्हाना तिघे आपापल्या कामाला लागलेले असतात. काका वॉचमनच्या केबिनपाशी थांबून माकडटोपी काढतात, घाम पुसतात.

"पाहिलंस? मी आत नसतो तर दुसरा गिअर पडलाच नसता!"