मी, एक जाणकार प्रेक्षक

रायपूरच्या मराठी मंडळींत माझी ओळख 'जाणकार प्रेक्षक' अशी आहे. ही पदवी मला कुणी दिली नाही, मीच ती हळूहळू पसरवली. गाता येत नाही, स्टेजवर पाय लटपटतात, पडदा ओढायलाही मला कुणी दुसऱ्यांदा बोलावलं नाही. पण बसायला सांगा! चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात कार्यक्रम असला की तिसऱ्या रांगेत मी असतोच.

लोकांना वाटतं, दाद काय, कुणीही देईल. छे! गाण्यात 'वा' समेच्या अर्धी मात्रा आधी जायला हवी. समेवर सगळेच देतात आणि समेनंतर देणारा शेजाऱ्याचं बघून देतो. नाटकात 'वा' म्हणणं गावंढळ. तिथं नाकातून 'हं' सोडायचं, फक्त दोन खुर्च्यांपर्यंत पोचेल इतपत. चित्रप्रदर्शनात तर आवाजच नको. तीन पावलं मागं, चष्मा कपाळावर, डोळे किलकिले. चित्रकार जवळपास असेल तर 'स्पेस' एवढा एकच शब्द. चित्र कळलंच पाहिजे, अशी यात कुठंही अट नाही. यावर मी पुस्तिका लिहायला बसलो होतो. बायको म्हणाली, आधी दळण आणा.

आरंगकडच्या एका गावात नाचा, म्हणजे छत्तीसगढी लोकनाट्य, बघताना मात्र माझी विद्या चालेना. जोक्कड, म्हणजे त्यातला विदूषक, काही बोलला की गर्दीतून उत्तर यायचं आणि उत्तर झकास असलं तर तो तेच धरून पुढं निघायचा. साडी नेसून 'परी' झालेल्या पोराला एका म्हातारीनं जवळ बोलावलं, सुटलेला पदर नीट खोचून दिला, हातावर दहाची नोट ठेवली. प्रवेश चालूच. मी सवयीनं 'हं' सोडलं, तर शेजारचा काळजीनं म्हणाला, "सर्दी हो गे हे का, भइया?"

नाचाला शहरी रंगमंचावर आणणारे नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर याच रायपूरचे, जन्म 1923चा. जर्मन नाटककार ब्रेख्तची नाटकं बघायला ते बर्लिनला गेले. ब्रेख्त 1956मध्ये नुकताच वारला होता. प्रेक्षकाला गुंगू द्यायचं नाही, हा ब्रेख्तचा हट्ट. नाचातल्या म्हातारीला हे कुणी शिकवायची गरजच नव्हती. 1973मध्ये हबीबसाहेबांनी रायपुरातच नाचाच्या कलावंतांचं शिबिर घेतलं आणि दोन वर्षांत 'चरणदास चोर' हे नाटक उभं राहिलं.

बघण्याचाच विषय निघालाय, तर कवी मुक्तिबोधही आलेच. 1958पासून ते राजनांदगावला, दिग्विजय कॉलेजात शिकवत. मातृभाषा मराठी म्हणून भाषणांत आम्ही त्यांना 'आपले' म्हणतो. लिहिलं हिंदीत, म्हणून वाचायचं राहून जातं. त्यांच्या 'अँधेरे में' या कवितेतला माणूस मध्यरात्री एक मिरवणूक बघतो. सैनिक, पत्रकार, कवी, मंत्री आणि त्यांच्याच रांगेत शहरातला नामचीन खुनी. यानं आपल्याला पाहिलं, एवढ्यावरून ते त्याला मारायला धावतात. आम्हाला कोण मारायला येणार? जयस्तंभ चौकात ई-रिक्षा उलटली की आम्ही तीसजण मोबाइल उंच धरून उभे. रिक्षावाल्याला उठवायला टोपली बाजूला ठेवून भाजीवाली येते. या उभं राहण्याची मला खरोखर चीड येते, आणि ती मी शेजारच्याला तिथंच उभ्या उभ्या सांगतो.

कविता लांबलचक आहे, हिंदीही सोपी नाही. तुमची वाचून झाली की त्या माणसाचं पुढं काय होतं ते मला कळवा. मी अजून मिरवणुकीपाशीच अडकलोय.