साक्षीला पाहुणे

"काल रात्री तिसऱ्या मजल्यावरचा तमाशा ऐकलात ना?" मावशींनी कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकवलं.

ऐकला नव्हता कोणी? तरी मी आपली शहाणी. "जाऊ द्या हो मावशी, नवरा-बायकोचं भांडण. आपण कशाला मध्ये पडा?"

"पडूच नये. पडलं की काय होतं ते आपल्या ठाण्याला १३२१ सालापासून ठाऊक आहे."

मावशी आमच्या ईस्ट इंडियन. आडनाव पोर्तुगीज, बोली मराठी, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणल्याशिवाय घरातली पोरगी उजवायची नाही. मे महिन्यात त्यांच्या गच्चीत मिरच्या वाळत पडल्या की अख्खी बिल्डिंग शिंकते. मग तो मसाला कुटून बियरच्या काळ्या बाटल्यांत ठासून भरतात, उजेड लागला तर रंग उतरतो म्हणून. तळावपाळीचं सेंट जॉन द बाप्टिस्ट हे त्यांचं चर्च. इतिहास तोंडपाठ, पण त्यात सनावळ्या कमी आणि भानगडी जास्त.

"चार फ्रान्सिस्कन संन्यासी चीनला निघाले होते. जहाज लागलं ठाण्याला. उतरले कुठे? इथल्याच एका ख्रिस्ती कुटुंबात."

"तेव्हा कुठले ख्रिस्ती? पोर्तुगीज तर नंतर आले."

"दोनशे वर्षांनी आले! त्याच्या आधीचे नेस्तोरियन पंथाचे लोक होते इथे. तर त्या घरात रात्री नवऱ्याने बायकोला मारलं. बाई खमकी. सकाळी थेट काझीकडे. काझी म्हणाला, साक्षीदार कोण? ती म्हणाली, घरात चार परदेशी संन्यासी आहेत, त्यांना विचारा."

"अगं बाई! पाहुण्यांनाच साक्षीला?"

"तेच तर. तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स आणि तिफ्लिसचे दिमित्री असे तिघे गेले. सिएनाचे पीटर सामान राखायला घरीच थांबले. काझीने मारहाण ठेवली बाजूला आणि धर्मावर वाद काढला. उत्तरं काही रुचली नाहीत. एप्रिल महिन्यात तिघांनाही मारलं. सामान राखणारे पीटरसुद्धा वाचले नाहीत."

"आणि त्या बाईच्या तक्रारीचं?"

मावशींनी हात झटकले. "ते कोण लिहितंय!"

खरंच नाही लिहिलं. फादर जॉर्डन या डॉमिनिकनने त्या चौघांना सोपाऱ्याला पुरलं. मग दोन-तीन वर्षांनी पोर्देनोनेचे ओडोरिक आले, त्यांनी हाडं उकरून पार चीनला नेली. या प्रवासाची सगळी हकिगत त्यांनी सांगून ठेवली आहे. ठाण्यातले उंदीर कुत्र्यांएवढे असतात, मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही, हेसुद्धा सांगायचं राहिलं नाही. ज्या बाईच्या गाऱ्हाण्यावरून एवढं रामायण झालं, ती मात्र पुढे कुठे दिसतच नाही. मला विचाराल तर चर्चमध्ये तिच्या नावाचीही एक मेणबत्ती लागायला हवी. पण नाव तरी कुठे माहीत आहे!

"उंदरांचं खरं आहे," मावशी म्हणाल्या. "आमच्या पार्किंगमध्ये या."

एव्हाना माझी डोंबिवलीची नणंद चहाचा कप घेऊन बाहेर आली होती. ती म्हणाली, "ठाण्याला काय, तलावाच्या एका काठाला चर्च आणि दुसऱ्या काठाला कोपिनेश्वर."

"मग? १७३७ला मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७६०ला सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी देऊळ नव्याने बांधलं. चर्चही राहिलं, आम्हीही राहिलो. पुढे इंग्रज आले, त्यांनी स्वतःपुरतं निराळं सेंट जेम्स बांधलं. १८२५ साली बिशप हेबर येऊन त्याचा अभिषेक करून गेले. अहो, आम्हाला ईस्ट इंडियन हे नावसुद्धा इंग्रजांच्याच काळातलं. नोकऱ्यांत गोवेकरांहून आपण वेगळे दिसावं म्हणून १८८७ला राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी घेतलेलं."

हेबरसाहेबांनाही गप्पांची भारी हौस असावी. प्रवासवर्णन लिहिताना त्यांनी चर्चच्या जोडीला त्रिंबकजी डेंगळ्यांचीही गोष्ट घेतली. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनापायी इंग्रजांनी त्रिंबकजींना ठाण्याच्या किल्ल्यात डांबलं होतं. आता जिथे तुरुंग आहे तोच किल्ला. फितुरी नको म्हणून पहाऱ्याला सगळे गोरे शिपाई. आणि खिडकीखाली एका साहेबाचा मराठी मोतद्दार रोज घोडा खरारा करत गाणी म्हणायचा. घोडा कुठे उभा आहे, माणसं कुठे दबून बसली आहेत, सगळं त्या गाण्यात. गोऱ्यांना वाटलं, गातोय बिचारा. १८१६च्या सप्टेंबरात त्रिंबकजी पसार!

"एकाला जरी मराठी येत असतं," मावशी म्हणाल्या, "तरी फसले असते."

नणंदेला ठाण्याचं एवढं कौतुक सहन होईना. "आमच्या कल्याणचं सांगा की काही."

"सांगते ना. कॉस्मस नावाचा एक व्यापारी सहाव्या शतकात लिहून गेलाय, की कल्लियानाला बिशप आहे आणि तो इराणातून नेमून येतो. कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बरेच जण मानतात. आणि १९८८ साली रोमने सिरो-मलबार लोकांसाठी पुन्हा कल्याणचाच धर्मप्रांत केला. तुझ्या डोंबिवलीतले मल्याळी ख्रिस्ती असतील ना, त्यांचा. त्यांची जुनी परंपराही त्या इराणकडच्या चर्चचीच."

नणंद लगेच खुलली. "म्हणजे ठाण्याच्या आठशे वर्षं आधी कल्याणला बिशप!"

मावशींनी भिंतीवरचं कोपर काढलं. "होता ना. पण त्याचं नाव लिहिलंय का कॉस्मसने? आमच्या चौघांची नावं गावांसकट आहेत."

"त्या बाईचं कुठे आहे?" मी विचारलं.

"तुम्ही ठाण्याच्या की कल्याणच्या?" मावशी माझ्यावरच उखडल्या.