भोकाचा पत्ता

फेब्रुवारी लागला की मेघालयाच्या जैंतिया टेकड्यांमधल्या एखाद्या खेड्यात जीप येऊन थांबते आणि तिच्यातून ब्रिटिश, जर्मन, स्विस अशी मिसळ खाली उतरते. अंगात जाडाभरडा एकसंध पोशाख, कमरेला खुळखुळणाऱ्या कड्या, डोक्यावर दिव्याचं हेल्मेट. ही मंडळी पूल बांधायला आलीत की मोबाइलचा टॉवर उभारायला, यावर गावात पैज लागण्याआधीच त्यांच्यातला एक जण दुभाष्यामार्फत अदबीनं विचारतो, "आपल्या गावात जमिनीला कुठे भोक आहे का?"

गाव विचारात पडतं. भोकं आहेत, नाहीत असं नाही. एकात मागच्या साली बकरी पडली. एकातून तिन्हीसांजेला वटवाघळं निघतात. एकाच्या आसपास पोरांनी फिरकायचं नाही, असं आजीनं बजावून ठेवलंय. पण यांतलं एखादं बघायला कुणी रजा टाकून, पदरचे पैसे मोडून, दोन विमानं बदलून येईल, ही शक्यता आजवर कुणी धरलेली नसते.

प्रश्न वेडगळ वाटतो खरा, पण दुसरा इलाज नाही. शिखरांचं बरं असतं, ती लांबून दिसतात. एव्हरेस्टची उंची इंग्रजांच्या मोजणी खात्यानं दीडशेहून अधिक किलोमीटर दूर, बिहारच्या सपाटीवर थिओडोलाइट लावून काढली. गुहेला ही सोय नाही. तिचं तोंड कधी रिक्षाएवढं, कधी बादलीएवढं, आणि वर बांबूचं रान माजलेलं. उपग्रहाला रान दिसतं, भोक दिसतं ते गुराख्याला. म्हणून हजारो पौंडांची सामग्री पाठीवर घेऊन आलेला माणूस सगळ्यांत आधी गुराख्यापाशी जाऊन उभा राहतो.

मराठी माणसाला या छंदाची फारशी ओळख नाही, यात त्याचा दोष नाही. त्याच्या राज्याचा बहुतेक भाग बेसॉल्टचा आणि बेसॉल्ट काही पाण्यात विरघळून वाट करून देत नाही. मोठी गुहा हवी असेल तर छिन्नी-हातोडा घेऊन बसावं लागतं. वेरूळ-अजिंठ्याला लोक शतकानुशतकं बसलेच. मेघालयातल्या चुनखडीचा स्वभाव वेगळा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनतं, फटीत शिरतं आणि दगड विरघळवत खाली उतरतं. त्यात मावसिनराम आणि चेरापुंजी हे जगातले सर्वांत पावसाळी पत्ते; तिथे वर्षाला सरासरी अकरा मीटरहून अधिक पाऊस पडतो. पाण्याला काम भरपूर आणि मुदत लाखो वर्षांची.

सहलीतून इथे गेलेल्या मराठी कुटुंबाला चेरापुंजीजवळची मावसमाई गुहा दाखवतात. आत विजेचे दिवे, पुढे कुणाच्या तरी काकू, मागून "चला, चला, थांबू नका" असा गजर, आणि थोड्याच वेळात सगळे बाहेर चहाच्या टपरीवर. पाहुण्या गुहावाल्यांना हवी असते ती दिवे नसलेली, काकू नसलेली आणि शक्यतो शेवटही नसलेली गुहा.

तशा गुहा इथे आहेत, आणि मुबलक आहेत. ब्रिटिश गुहाशोधक सायमन ब्रुक्स आणि शिलाँगच्या मेघालय अ‍ॅडव्हेंचरर्स असोसिएशनचे ब्रायन खारप्रान डेली यांनी 1992 पासून मोहिमांची घडी बसवली. त्यानंतर वर्षागणिक पाहुणे येत राहिले, चिखलात लोळत राहिले, आणि पाचशे किलोमीटरच्या आसपास भुयारं मोजून नकाशावर आली. क्रेम लियाट प्राह ही गुहा तीस किलोमीटरहून लांब आहे; तिच्यातल्या एका दालनाला पाहुण्यांनी 'एअरक्राफ्ट हँगर' असं नाव दिलं. क्रेम पुरी साडेचोवीस किलोमीटरची. 2018 मध्ये तिची मोजणी झाली आणि वालुकाश्मातली जगातली सर्वांत लांब गुहा म्हणून तिचं नाव झालं. त्याच वर्षी चेरापुंजीजवळच्या मावम्लूह गुहेतल्या चुन्याच्या एका खांबाच्या आधारे भूशास्त्रज्ञांनी गेल्या 4,200 वर्षांच्या कालखंडाला 'मेघालयन' असं नाव दिलं. म्हणजे सदाशिव पेठेतला माणूससुद्धा सध्या अधिकृतपणे मेघालयन काळात राहतो. त्याला आधी विचारलं नाही, हे खरं.

मेघालयात मात्र आधी विचारावंच लागतं. इथली बहुतेक जमीन सरकारची नाही. ती कुळांची, घराण्यांची, गावाची. त्यामुळे भोकात उतरण्याआधी गावच्या दरबारापुढे उभं राहायचं. आणि दरबारात कामाचं बोलणं निघण्याआधी क्वाय पुढे येते. चुना फासलेलं विड्याचं पान, त्यावर ओल्या सुपारीची चांगली जाड फोड, बस्स. काथ नाही, बडीशेप नाही, गुलकंदाचं तर नावच नको. सवय नसलेल्याच्या कानाच्या पाळ्या दुसऱ्या मिनिटाला तापतात, कपाळावर घाम येतो आणि छातीत धडधडतं. नाही म्हणणं शोभत नाही. आल्प्समध्ये दोरावर रात्र काढलेला मनुष्य लाल तोंडानं, डोळ्यांतलं पाणी आवरत मान डोलावतो. त्याला विषय पटला असं समजून दरबार पुढच्या मुद्द्याकडे वळतो.

याच क्वायमध्ये पूर्वी खासी मुलखात अंतरंही मोजली जायची: वाटेत किती विडे चघळून होतील, तेवढं गाव लांब. मिलिमीटरपर्यंत मोजणारं लेझरयंत्र खिशात असलेल्या पाहुण्याला आपलं भोक दोन क्वाय लांब आहे हे कळतं, तेव्हा तो वहीत काय टिपत असेल, देव जाणे.

पुढची अडचण या लेझरचीच. जैंतिया टेकड्यांखाली चुनखडी आहे तसा कोळसाही आहे, आणि लुमश्नोंगच्या आसपास सिमेंटचे कारखाने उभे आहेत. मोजमाप करणारा परका माणूस तिथे नुसत्या हौसेनं मोजतोय, हे कुणाच्या गळी उतरायचं? खासी कथांमधला थलेन हा सर्प माणसाच्या रक्तावर जगतो, आणि त्याला पाळणाऱ्यांचे हस्तक सावज शोधत फिरतात अशी धास्ती फार जुनी. अशा मुलखात संध्याकाळच्या वेळी दोर, खिळे आणि हातोडा घेऊन झाडीतून बाहेर पडणं हे काही ओळख करून घेण्याचं उत्तम साधन नव्हे. बरोबर कुणी खासी किंवा जैंतिया ओळखीचा असला, तर तो दोरापेक्षा जास्त वजन पेलतो.

एकदा विश्वास बसला की मात्र माहितीचा पूर लोटतो. हे भोक कुठवर जातं? "पार त्या डोंगरापलीकडे निघतं." आत कोण गेलं होतं? "कुणी नाही." सह्याद्रीतल्या किल्ल्यावर हे ऐकलेला मराठी माणूस मनातल्या मनात हसेल, कारण तिथल्या प्रत्येक भुयाराचं दुसरं टोक दहा कोसांवरच्या किल्ल्यात निघतं आणि सध्या ते बुजलेलं असतं. बेसॉल्टात ही थाप पचत नाही. चुनखडीत ती पुष्कळदा खरी निघते, कारण गावानं आत पाऊल टाकलेलं नसलं तरी ओढा कुठे गडप होतो आणि पुराचं गढूळ पाणी कुठून वर येतं, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं असतं.

याचा सर्वांत चवदार पुरावा फ्रान्समधला आहे. 1901 च्या ऑगस्टमध्ये पोंतार्लिये इथल्या पेर्नोच्या मद्याच्या कारखान्याला आग लागली. भडका वाढू नये म्हणून साठवलेलं अ‍ॅबसिंथ सोडून देण्यात आलं आणि ते दू नदीत गेलं. दोनेक दिवसांनी डोंगरापलीकडे, लू नदी जिथे खडकातून उगम पावते तिथे, पाण्याला अ‍ॅबसिंथचा वास येऊ लागला. दू नदीचं पाणी भूगर्भातून लू नदीला मिळतं, हे नाकांनी ठरवलं. गुहाशास्त्राचे आद्य पुरुष एदुआर मार्तेल यांनी 1910 मध्ये दू नदीत रंग ओतून त्यावर शास्त्रीय शिक्का मारला. प्रयोग तोच, फक्त दुसऱ्या खेपेला काठावर गर्दी कमी असावी.

कधी भोक दाखवणाऱ्यालाच पत्ता आठवत नाही. व्हिएतनाममधल्या फोंग न्या भागात हो खान नावाचा गावकरी 1990 च्या सुमारास अगरूचं लाकूड शोधत जंगलात हिंडत होता. वादळ आलं, म्हणून तो एका कड्याच्या आडोशाला गेला, तर पाठीमागच्या काळोखातून गार वारा, ढगाचे लोट आणि नदीची घरघर बाहेर येत होती. त्यानं शहाण्या माणसासारखा काढता पाय घेतला. हॉवर्ड लिंबर्ट आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी त्याच भागात हनोईच्या विद्यापीठाबरोबर गुहा शोधत होते. पुढे त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि त्यांचे डोळे चमकले. कुठे आहे ती? हो खानला आठवेना. जंगलात खुणेचं झाड म्हणावं, तर सगळीच झाडं. तो शोधत राहिला, पाहुणे येत-जात राहिले, आणि 2008 मध्ये जागा पुन्हा सापडली. पुढच्या वर्षी तो त्यांना घेऊन गेला.

ती सोन डूंग निघाली, आकारमानानं जगातली सर्वांत मोठी ज्ञात गुहा. छत काही ठिकाणी 200 मीटर उंच. कुतुबमिनारावर कुतुबमिनार ठेवला तरी वर जागा उरेल. दोन ठिकाणी छत कोसळून ऊन आत येतं आणि तिथे गुहेतच जंगल वाढलंय. ब्रिटिशांनी एका जागेचं नाव ठेवलं 'डायनासोरपासून सावधान', तर दुसरीला ईडनऐवजी एडम चीजची बाग म्हटलं. पहिल्या खेपेला चिखलानं बरबटलेल्या कॅल्साइटच्या प्रचंड भिंतीनं वाट अडवली. तिला 'व्हिएतनामची महाभिंत' म्हणून ते घरी गेले आणि 2010 मध्ये तयारीनिशी येऊन चढले. 2013 पासून तिथे मोजके पर्यटक नेतात, माणशी सुमारे तीन हजार डॉलर घेऊन. हो खाननं पुढे पाहुण्यांसाठी घरगुती मुक्कामाची सोय काढली.

मेघालयात अलीकडे जे सापडलं, त्याच्याकडे तर माणूस सल्ला मागायलाही जात नाही. जैंतिया टेकड्यांतल्या क्रेम उम लडाव या गुहेत मोठे पांढुरके मासे आहेत, अशी नोंद 1998 मध्येच झाली होती. 2019 मध्ये जीवशास्त्रज्ञ डॅन हॅरिस तिथे उतरले, तर चाळीस सेंटिमीटरहून लांब मासे सामोरे आले. गुहेत राहणारा एवढा मोठा मासा जगात दुसरा माहीत नव्हता. 2023 मध्ये त्याचं रीतसर बारसं झालं आणि तिथल्या प्नार लोकांवरून 'निओलिसोकायलस प्नार' असं नाव पडलं. पहिल्या भेटीत मात्र हॅरिस यांचं जाळं अगदीच किरकोळ होतं, म्हणून पुढच्या खेपेला त्यांनी आमिष म्हणून ओटची बिस्किटं नेली. शंभरेक मीटर खोल काळोखात, जिथे अन्नाचा कण पावसाळ्यातच काय तो पोचत असेल, तिथल्या रहिवाशांनी परदेशी शिध्याबद्दल एकही शंका काढली नाही.