उरलीसुरली स्प्लेंडर

"जुन्या मोटरसायकली घेणार, खोलणार आणि पार्ट विकणार," एवढंच मी घरात म्हणालो, तर आई म्हणाली, "म्हंजे भंगारवाला म्हन ना सरळ!"

भंगार किलोवर जातं आणि पार्ट नगावर, हा बारीक भेद काही तिला पटला नाही. खरं तर सगळा नफा त्या भेदातच आहे. शंभर-एकशेदहा किलोची स्प्लेंडर काट्यावर चढवली की लोखंडाच्या भावात जाते. तीच खोलून बसलं तर कार्बेटर, मॅग्नेट, शॉकप, टाकी, प्रत्येकाला वेगळं गिऱ्हाईक. त्यातून हिरो होंडाने १९८५ साली सीडी हंड्रेड काढली, तिचं ९७.२ सीसीचं इंजिन पुढे स्प्लेंडर-पॅशनपर्यंत चालत आलं. आमच्याकडे सातबाऱ्यावरही इतका सरळ वारस लागत नाही! त्यामुळे आतलं बरंचसं सामान एकमेकींना बसतं. नाहीच बसलं तर मेकॅनिक हातोडीने बसवतो.

जागाही नामी. आमचं गाव किन्हीराजा नागपूर-संभाजीनगरच्या जुन्या रस्त्यावर. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातूनच गेला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्प्याचं उद्घाटनही झालं. पण त्यावर दुचाकीला बंदी. म्हणजे समृद्धी वरून गेली आणि तुटक्या क्लचवायरी आमच्या वाट्याला आल्या. माझी तक्रार नाही.

अडचण आहे ती माल मिळण्याची. तसा माल प्रत्येक गोठ्यात आहे. असाच एका काकांकडे गेलो. सोयाबीनच्या कुटाराच्या पोत्यांआड सीडी हंड्रेड उभी होती. नंबर एमएच-३०, म्हणजे १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा वेगळा व्हायच्या आधीची, अकोल्याच्या पासिंगची. सीटचं रेक्झिन उंदरांनी खाल्लेलं, टाकीवर कोंबडी बसलेली.

"काका, इकता का?"

"पोराच्या लग्नातली हाय बाप्पा. कायले इकू?"

"मंग चालवा."

"चालत नाई न."

"मंग इका!"

"अरे, चालते न ते! फक्त इंजिन नाई तिले."

इंजिन भाच्याने नेलं होतं. त्याने अर्ध्या मोटरसायकलला फास लावून डवरणीचं यंत्र बनवलंय, आणि ते बैलजोडीपेक्षा कमी कुरकुरतं म्हणे. पुढचं चाक पाण्याच्या ड्रमच्या हातगाडीला. हेडलाइट बॅटरीला जोडून विहिरीवर. आरसी बुक कुठल्याशा पेटीत, आणि पेटीची चावी पुण्याला असलेल्या पोराकडे. माझ्या आधीच गावाने ती गाडी इतक्या सफाईने खोलली होती की मी हॉर्नचा भाव विचारून परत आलो. तोही जास्त होता.

कायदा मात्र फार आशावादी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. आमच्या पंचक्रोशीत गाडी कायमची निकामी झाली असं कबूल करणारा मालक १४ वर्षांतही सापडणार नाही. पण कागदाबाबत मी कडक आहे. मेरठच्या सोतीगंजात चोरीच्या गाड्या खोलायचा एवढा कारभार चालला होता की डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी अख्खा बाजार बंद केला. म्हणून मी वही घातली आहे: इंजिन नंबर, चेसी नंबर, आधारची झेरॉक्स. परवा एकजण भडकलाच. "किलच प्लेटा इकाले आधार कायले? पोरगी पाहाले आलो काय मी?"

गिऱ्हाइकांत निम्मे नातेवाईक. नातेवाईक पार्ट विकत घेत नाही, "लावून पाहतो" म्हणून नेतो. तो पार्ट मग त्याच्या गाडीवर बसून रोज दुकानासमोरून जातो आणि हॉर्न वाजवून मला नमस्कार करतो.

सध्या सीडी हंड्रेडच्या डाव्या साइड कव्हरला फार मागणी आहे. कुणाच्या गोठ्यात असेल तर जरूर आणावं. आरसीची प्रत सोबत हवीच. पार्सल करणार असाल तर पत्त्यात तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम असं ठसठशीत लिहा. नुसतं मालेगाव लिहिलंत तर कव्हर नाशिक जिल्ह्यात जाऊन पडेल.