घरजावयाचं वजन

हिवाळा लागला की अमेरिकेच्या उत्तरेकडची निवृत्त मंडळी अख्खं घरच चाकांवर घालून ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटाची वाट धरतात. सोबत सोफा, फ्रिज, धुलाईयंत्र आणि १०० गॅलन पाणी. नुसतं पाणीच सुमारे ८३० पौंडांचं. एवढा संसार पेलायला ४५ फुटी मोटरहोमला ड्राइव्ह ॲक्सलच्या मागे आणखी एक लागतो, तो टॅग ॲक्सल. हा अस्सल घरजावई. इंजिनाची कमाई याच्या हाती नाही, पुढच्या चाकांसारखा कारभारही नाही. आपल्या वाट्याचं ओझं उचललं की झालं. तो वाटा त्याच्या एअर बॅगमधली हवा ठरवते. ती हवा अंदाजानं भरू नये, वजनकाट्यावर गाडी चढवून भरावी.

कोणी म्हणेल, कारखान्यानं दाब लावून दिलाय, उगाच खाजवून खरूज कशाला काढा? पण कारखान्याला तुमचं सामान कुठं ठाऊक? जानेवारीत क्वार्ट्झसाइटला रत्नं आणि खनिजांचा बाजार भरतो. तिथले दगड हौसेनं डिकीत भरले की जुना हिशेब कोलमडतो. मग भरा टॅगमध्ये ठासून हवा, असंही नाही. समजा पुढचा ॲक्सल ड्राइव्हपासून २६ फूट पुढे आणि टॅग ४ फूट मागे आहे. टॅगवर १,३०० पौंड वाढवले, तर ड्राइव्हवरचे १,५०० कमी होतात आणि उरलेले २०० पुढच्या चाकांच्या बोकांडी बसतात. अती केलं तर ओल्या चढावर ड्राइव्हची चाकं जागच्या जागी फिरतात. हवा कमी ठेवली, तर ड्राइव्ह २०,००० पौंडांची इंटरस्टेटवरची सर्वसाधारण मर्यादा ओलांडू शकतो आणि हलकं झालेलं नाक ट्रक शेजारून गेला की भरकटतं. अरुंद वळणावर टॅग उचलला की टायर घासत नाहीत, हे खरं. पण ती सवलत चालीच्या वेगापुरती. म्हणून पाणी-सामान भरा, गाडीची उंची ठीक करा, तिन्ही ॲक्सल वेगवेगळे तोला, टॅगचा दाब बदला, पुन्हा तोला आणि टायरची हवा तक्त्याप्रमाणे ठेवा.

मुरलेले चालक म्हणतात, आम्हाला बसल्या जागी कळतं. कळणार कसं? भार वाढला की व्हॉल्व्ह ड्राइव्हच्या बॅगमध्ये आपणहून जास्त हवा सोडतो आणि गाडी होती तेवढीच उंच राहते. ओझं अंगाला जाणवू न देणं हेच ज्या यंत्रणेचं काम, तिला ओझ्याबद्दल साक्षीला उभं करण्यात काय हशील?